परसबागेतील काटकसर आणि खुरप्याची निगा

परसबागेला विकतचे बियाणे फारसे लागत नाही. डब्यातली मेथी पसरट खोक्यात पेरली की तीन-चार आठवड्यांत भाजी हाती येते. धणे मात्र अख्खे पेरू नयेत. लाटण्याने हलके रगडून दोन फाकी झाल्यावर पेरावेत. पुदिन्याच्या पाने खुडलेल्या काड्या खोचल्या तरी जगतात. अळूला मोरीचे पाणी पुरते. कोकणात तो न्हाणीघरामागेच लावतात.

खरी उधळपट्टी होते ती अवजारांत. ओली माती चिकटलेले खुरपे तसेच टाकले, की पात्यावर लवकरच गंज धरतो. काम संपताच माती खरवडून पाते कोरडे पुसावे आणि तेलाचा हात फिरवावा. गाडीचे जळके ऑइल फुकट मिळते, पण ते भाजीच्या मातीत उतरते. त्यापेक्षा चमचाभर गोडेतेल परवडले. धार लावताना कानस पुढे ढकलतानाच टेकवावी. मागे ओढतानाही घासली, तर तिचेच दाते झिजतात. कुदळीचा सैल दांडा पाण्यात भिजवून फुगवण्याची पद्धत आहे, पण वाळल्यावर तो पुन्हा हलतो आणि कुदळ निसटण्याचा धोका असतो. तिथे लाकडी पाचरच ठोकावी.