देवस्थानचे वीज देयक : भाविक व सभासदांसाठी माहिती

॥ श्री ॥



काही काळापूर्वी विश्वस्त मंडळाच्या सभेत एक प्रस्ताव मांडण्यात आला होता. वीज व गॅसचा वाढता खर्च पाहता दर शनिवारी होणारा महाप्रसाद महिन्यातून एकदाच करावा, असे त्याचे स्वरूप होते. त्या पंगतीला सिल्वासाच्या कारखान्यांतील कामगार आणि खानवेल-दुधनीकडून बाजारासाठी आलेली आदिवासी कुटुंबे मोठ्या संख्येने बसतात, हे आपण सर्व जाणतो. सबब निर्णय घेण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची देयके नीट वाचावीत असे ठरले. वाचून झाल्यावर दोष महागाईचा जेवढा, तेवढाच आमच्या दुर्लक्षाचाही असल्याचे ध्यानात आले. आमच्यासारख्या इतर लहान संस्थांना उपयोग व्हावा म्हणून त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

प्रथम, वीज आपण कोणाकडून घेतो? दादरा व नगर हवेलीत पूर्वी प्रशासनाचे वीज खाते व त्यानंतर शासकीय वितरण महामंडळ वीज पुरवीत असे. १ एप्रिल २०२२ पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसाठी एकच वितरण कंपनी काम पाहते. तिचे ५१ टक्के भाग टोरेंट पॉवरकडे व उर्वरित ४९ टक्के शासनाकडे आहेत. तथापि दर कंपनी ठरवीत नाही. ते गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेऊन ठरवितो. त्या सुनावणीत कोणीही ग्राहक लेखी सूचना देऊ शकतो. आपल्या प्रदेशात विजेचा फार मोठा हिस्सा कारखाने वापरतात व सुनावणीतही त्यांचेच प्रतिनिधी तयारीने बोलतात. धर्मादाय संस्थांचा आवाज तेथे क्वचितच ऐकू येतो, ही आमच्या मते खेदाची गोष्ट आहे.

परदेशात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला जातो. इंग्लंडमध्ये ग्राहकाला वीज कंपनी निवडण्याची मुभा असल्याने तेथील अनेक चर्च 'पॅरिश बाइंग' या योजनेतून आपली वीज व गॅस एकत्रितपणे विकत घेतात. आपल्याकडे लहान ग्राहकाला तशी निवड नाही. वीज कायदा २००३ मधील मुक्त प्रवेशाची तरतूद १ मेगावॅटहून अधिक मागणी असणाऱ्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून होती. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॅटवर आणली व पुढे एकाच वीज विभागातील अनेक जोडण्यांचा भार एकत्र धरण्यासही मान्यता मिळाली. मोठी रुग्णालये वा महाविद्यालये चालविणाऱ्या न्यासांनी याचा अवश्य विचार करावा. आपल्या मंदिराचा भार त्याच्या जवळपासही नाही. आपल्यासारख्यांना स्वस्त वीज मिळते ती योग्य वर्गवारीतून, योग्य मंजूर भारातून आणि वापराच्या वेळेतून.

वर्गवारीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आयोगाच्या आपल्या प्रदेशासाठीच्या दरपत्रकांत घरगुती वर्गात घरांबरोबरच धर्मादाय, शैक्षणिक व धार्मिक संस्थांचे दिवे-पंखे यांचाही समावेश केला गेला आहे. महाराष्ट्रातही प्रार्थनास्थळांना घरगुती दर लागतो, मात्र मोबदला घेऊन दिलेले सभागृह वा इतर जागा व्यावसायिक दरात जाते. तलासरी, जव्हार भागातील गावदेवळांशी संबंध असलेल्या आपल्या सभासदांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आमचे चुकले ते येथेच. गाभारा, स्वयंपाकघर आणि लग्नकार्यासाठी देणगीमूल्य घेऊन दिला जाणारा सभामंडप हे सारे एकाच मीटरवर होते. परिणामी नंदादीपाशेजारचा बल्बसुद्धा व्यावसायिक दराने जळत होता. सभामंडपासाठी स्वतंत्र जोडणी मागणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. तो कित्येक वर्षे कोणाला सुचला नाही, कारण देयक आले की ते वाचण्याऐवजी भरून टाकण्याचीच आम्हांला सवय.

याच्या उलट चूक अधिक महागात पडते. घरगुती दराच्या जोडणीवर भाड्याचे सभागृह वा दुकानाचा गाळा चालविल्यास कायद्याच्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरतो व त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर केव्हापासून हे निश्चित करता आले नाही, तर तपासणीपूर्वीचे बारा महिने धरले जातात. संस्था धर्मादाय आहे म्हणून यात सूट नाही. तेव्हा मीटर वेगळे करताना तारांची जोडणीही खरोखरच वेगळी झाली आहे की नाही, हे जाणकार विद्युत ठेकेदाराकडून तपासून घ्यावे.

देयकावरील स्थिर आकाराची ओळही पाहावी. वीज वापरली नाही तरी हा आकार भरावा लागतो आणि त्याचा हिशेब बहुधा मंजूर भारावर असतो. नवरात्रातील रोषणाईसाठी कोणे एके काळी भार वाढवून घेतला असेल, तर तो बाराही महिने भरला जातो. उत्सवापुरती तात्पुरती जोडणी घ्यावी. तिचा दर नेहमीपेक्षा जास्त असतो, पण तो मोजक्या दिवसांपुरता. तसेच आपण भरलेल्या सुरक्षा ठेवीवर व्याज देणे कलम ४७ अन्वये बंधनकारक आहे. ते वर्षातून एकदा देयकात वजा झाले की नाही, हे खजिनदारांनी पाहावे.

वापर कमी करण्याबाबत एक-दोन हिशेब पुरेसे आहेत. सभामंडपात ७५ वॅटचे २० जुने पंखे रोज ८ तास फिरले तर १२ युनिट लागतात. त्याजागी ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे लावल्यास ४.८ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे २१६ युनिटांची बचत. नवरात्रात ५०० वॅटचे २० हॅलोजन सहा तास लावले तर एका रात्रीचे ६० व नऊ रात्रींचे ५४० युनिट होतात. तेवढाच उजेड देणारे १०० वॅटचे एलईडी दिवे नऊ रात्रींत १०८ युनिट घेतात. सामूहिक खरेदीचे सामर्थ्यही येथेच दिसते. केंद्र शासनाच्या ईईएसएल संस्थेने एकगठ्ठा मागणी नोंदविल्यावर एलईडी बल्बचा खरेदी दर २०१४ मधील सुमारे ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ४० रुपयांखाली आला. परिसरातील पाच-सहा संस्थांनी मिळून पंखे घेतले तरी व्यापारी निराळा भाव सांगतो.

वेळेचेही महत्त्व वाढत आहे. ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीनुसार दिवसा, सौर ऊर्जेच्या तासांत, दर किमान २० टक्के कमी व गर्दीच्या वेळी अधिक ठेवण्याचे धोरण आले. शेतीखेरीज इतर ग्राहकांना ते टप्प्याटप्प्याने लागू होत असून प्रत्यक्ष अंमल स्मार्ट मीटर व आयोगाच्या आदेशावर अवलंबून आहे. कूपनलिकेचा पंप सायंआरतीच्या वेळी न लावता दुपारी लावावा, अशी सूचना सेवेकऱ्यांना आतापासूनच देण्यात आली आहे.

छतावर सौर संच बसवावा असे अनेक भाविक सुचवितात. एक किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर छत लागते व दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आपल्याकडील पावसाळ्यात हा आकडा बराच घसरतो. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे, न्यासांसाठी नाही. कोणी विक्रेता तसे आश्वासन देत असल्यास लेखी मागावे. स्वयंपाकासाठी शिर्डीचे उदाहरण मोठे आहे. श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्यांची सौर वाफ यंत्रणा बसविण्यात आली. सुमारे ५० हजार लोकांच्या रोजच्या अन्नासाठी तिची रचना होती व त्यायोगे वर्षाला लाखभर किलो गॅस वाचेल असा अंदाज होता. दोनशे पानांच्या पंगतीला अशी यंत्रणा परवडत नाही. आम्ही तूर्त डाळ भिजवून मोठ्या कुकरमध्ये शिजविणे व पातेल्यांवर झाकण ठेवणे एवढ्यावरच भर दिला आहे. घरगुती सिलिंडर मात्र कोणी भक्तिभावानेही आणून देऊ नये, पंगतीच्या स्वयंपाकासाठी तो वापरणे नियमबाह्य आहे.

महाप्रसाद दर शनिवारीच सुरू राहील. ज्या लहान संस्थांना आपली देयके तपासून हवी असतील, त्यांनी मागील बारा महिन्यांच्या प्रती घेऊन रविवारी सकाळच्या आरतीनंतर मंदिराच्या कार्यालयात यावे. सभामंडप आरक्षित करणाऱ्यांनी नवीन मीटरवरील युनिटांचा आकार स्वतंत्र भरावयाचा आहे, याची नोंद घ्यावी.

— विश्वस्त मंडळ, सिल्वासा