सुई तिच्याच हातात

नावाआधी ‘डॉ.’ लागते, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी मला गुडघेदुखीवर औषध विचारतेच. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली. रास लफानच्या एका गॅस प्रकल्पात नियंत्रण यंत्रणांचे सॉफ्टवेअर सांभाळणे हे माझे काम. तरीही आज एका वैद्यकीय विषयावर लिहीत आहे, कारण तो आम्हाला घरातच शिकावा लागला.

आमची दोन बाळे गेली. एक चौथ्या महिन्यात, दुसरे सहाव्या. नंतर पत्नीचे रक्त तपासले, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले आणि निदान झाले: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या विकाराचे वर्णन केले. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि गरोदरपणात वारेचे काम बिघडून बाळाचे पोषण तुटते.

उपचार म्हणजे कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शने. १९९७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील ९० स्त्रियांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के, तर दोन्ही औषधांवर ७१ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. हेपॅरिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. पण ते रोज टोचायचे, तेही महिनोन्‌महिने. आम्ही राहतो अल खोरला आणि तिथून दोहा पन्नासेक किलोमीटर. रोज इस्पितळात कोण जाणार?

इथे परिचारिकेचे खरे काम सुरू होते. डोरोथिया ओरेम या अमेरिकन परिचारिकेने १९७१ सालच्या आपल्या पुस्तकात एक साधा विचार मांडला. माणूस स्वतःची निगा स्वतः राखतो. जिथे त्याचे ज्ञान वा ताकद कमी पडते, तेवढीच उणीव परिचारिकेने भरून काढावी. बेशुद्ध रुग्णाचे सगळेच करावे लागते. हिंडत्याफिरत्या गरोदर बाईला मात्र शिकवायचे आणि तिच्या पाठीशी उभे राहायचे.

मी नेमके उलट केले. तक्ता बनवला, गजर लावले, इंजेक्शनही मीच देऊ लागलो. एका रात्री प्लँटवर अडकलो आणि आठची सुई पहाटे दोनला दिली. तोवर ती सिरिंज समोर ठेवून रडत बसली होती. पुढच्या भेटीत केरळच्या सिस्टरनी माझा तक्ता शांतपणे बाजूला ठेवला आणि सिरिंज तिच्या हातात दिली. मला म्हणाल्या, “साहेब, गरोदर या आहेत, तुम्ही नाही.” सगळी यंत्रणा एकाच भागावर टांगू नये, हे मी प्लँटवर रोज सांगतो. घरी तो भाग मीच होऊन बसलो होतो!

सिस्टरनी शिकवले ते असे. सुई पोटाच्या चरबीच्या घडीत, रोज ठरल्या वेळी, जागा बदलून द्यावी. नंतर चोळू नये. चुकलेली मात्रा दुप्पट करून भरू नये. औषध २५ अंशांखाली ठेवावे, पण गोठू देऊ नये. इथल्या उन्हात गाडीत विसरलेले तर वापरूच नये. भरपूर पाणी प्यावे, चालावे. दिवस भरत आले की बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवावे. एकच पाय सुजून दुखणे, धाप, छातीत कळ, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तरी लगेच इस्पितळ गाठावे. कळा सुरू झाल्यास पुढची सुई न घेता आधी फोन करावा. अर्थात, औषध आणि मात्रा ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

आठव्या महिन्यात एका दुपारी मी कामावर असताना तिला हालचाल कमी वाटली. माझी वाट न पाहता ती शेजारणीला घेऊन इस्पितळात पोहोचली. मला फोन आला तो तिथूनच.

मुलगी आता शाळेत जाते. बाळंतपणानंतरही सहा आठवडे सुया चालू होत्या. त्या सगळ्या तिने स्वतःच घेतल्या. माझ्याकडे काम होते ते रिकाम्या सिरिंजांचा डबा इस्पितळात परत नेऊन देण्याचे.