टाचांना भेगा का पडतात? काय काळजी घ्यावी?

थंडी सुरू झाली की अनेकांच्या टाचा फुटतात. पण टाचाच का? कारण तळपायाच्या त्वचेत तेलग्रंथी नसतात. इतर ठिकाणी या ग्रंथींतून पाझरणारं तेल त्वचेतला ओलावा टिकवायला मदत करतं. टाचेला हे संरक्षण नाही. त्यात कोरडी हवा, कढत पाणी आणि साबण यांची भर पडते. मग जाड, कडक झालेली त्वचा शरीराच्या वजनाखाली ताणली जाते आणि चिरते.

उपाय काय?

रात्री पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपून घ्या आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घाला. कोकणात यासाठी कोकमाचं घट्ट तेल गरम करून लावतात. दोन्हींचं काम एकच, आतलं पाणी उडू न देणं. फार कडक टाचांसाठी युरिया असलेलं क्रीम उपयोगी पडतं. ब्लेडने कातडी कापू नका.

मधुमेह असेल तर?

मग भेग किरकोळ समजू नका. पायांची संवेदना कमी झाली असेल तर जखम दुखत नाही, जंतुसंसर्ग लक्षात येत नाही आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. अशांनी पाय भिजवत ठेवू नयेत, पण तळवे रोज तपासावेत. घरातल्या ज्येष्ठांना वाकता येत नसेल, तर त्यांच्या टाचा तुम्ही पाहा. रक्त, पू किंवा सूज दिसली तर लगेच डॉक्टरांकडे जा.