आमवात आणि बाईचा दिवस

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. उतारवयात गुडघे झिजतात त्या संधिवाताहून हा आजार वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर कूर्चा व हाड पोखरू लागते. बहुधा तिशी ते साठीच्या दरम्यान तो सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. १८०० साली ऑगस्टँ लांद्रे-बोव्हे यांनी त्याचे पहिले नेमके वर्णन लिहिले, तेही पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या स्त्रियांना तपासून. महाराष्ट्रात १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन हाडासांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. तीत हजार प्रौढांमागे साधारण पाच जणांना आमवात आढळला. या हिशेबाने पाच हजार वस्तीच्या गावात असे पंधरा-वीस रुग्ण निघतात. त्यांतल्या बहुतेक बायका असतात आणि ज्या वयात सारे घर त्यांच्या हातांवर चालते, त्याच वयात त्या आजारी पडतात.

आजाराची ओळख हातांवरूनच पटते. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे, पायाच्या बोटांची मुळे सुजतात आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच सुजतात. बोटांच्या टोकाकडचे सांधे सहसा सुटतात. झिजेच्या संधिवातात नेमके तेच धरतात. दुसरी मोठी खूण सकाळची. झिजेच्या दुखण्यात सांधे आखडले तरी थोडे हिंडले-फिरले की अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. आमवातात तास-दीड तास, कधी त्याहून जास्त वेळ हात वळत नाहीत, मूठ मिटत नाही. सूज वाढवणारी रसायने रक्तात उत्तररात्री आणि पहाटे सर्वाधिक असतात आणि तिला आवर घालणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल त्यांना पुरे पडत नाही, हे त्याचे कारण.

नेमकी हीच वेळ डब्यांची असते. ज्या तासात बोटे सर्वांत आखडलेली, त्याच तासात कणीक मळायची, कुकरचे झाकण फिरवायचे, दुधाचे पातेले सांडशीने उतरवायचे. या कामांत जोर पडतो तो नेमका सुजलेल्या सांध्यांवर. कणीक मळताना मनगट दाबले जाते, धुणे किंवा फडके पिळताना बोटे एका बाजूला वळतात, बरणीचे झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. म्हणून ज्या घरांनी हा आजार खरोखर समजून घेतला आहे, तिथे स्वयंपाकाचे वेळापत्रक बदललेले दिसते. कणीक रात्रीच भिजवून ठेवली जाते किंवा ते काम घरातले दुसरे कोणी उचलते. भाजी आदल्या संध्याकाळी चिरली जाते. ओट्याशी उंच स्टूल येते, पातेल्यांना दोन्ही बाजूंनी कान असतात, म्हणजे भार एका मनगटावर न पडता दोन्ही तळव्यांवर वाटला जातो. लाटण्याच्या आणि सुरीच्या मुठीवर कापड गुंडाळून ती जाड केली की पकड सैल ठेवूनही काम होते. फिरवायच्या नळाच्या जागी दांडीचा नळ बसवला तर तो कोपरानेही उघडता येतो. जमिनीवर बसून करायची कामे ओट्यावर येतात आणि शौचालयात कमोड बसवला जातो. या बदलांना फार पैसा लागत नाही. अडते ते दुसरीकडेच. ‘आता हिला हेही लागतं’ असा सूर घरात निघतो आणि बाई स्वतःच नको म्हणते. दृष्टी अधू झाल्यावर चष्मा घ्यावा इतकीच ही साधी गोष्ट आहे आणि ती तितक्याच सहजपणे व्हायला हवी.

दुखण्यापेक्षा समजावून सांगायला अवघड असतो तो थकवा. अंगभर चाललेल्या दाहामुळे आणि सोबत येणाऱ्या रक्तक्षयामुळे तो येतो, रात्रभर झोपूनही जात नाही आणि बाहेरून दिसतही नाही. शिवाय हा आजार एकसारखा राहत नाही. काही आठवडे बरे जातात, मग अचानक भडका उडतो आणि कंगवा धरणेही जड होते. काल लग्नाला गेलेली बाई आज उठत नाही याचा शेजारीपाजारी भलताच अर्थ लावतात. बऱ्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकण्याचा मोह होतो आणि त्याची भरपाई पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणावर करावी लागते. मुरलेल्या रुग्ण स्त्रिया ताकद वाटून वापरायला शिकतात. एका दिवशी एकच जड काम, मध्ये पाठ टेकणे आणि दुपारची अर्ध्या तासाची झोप. ही झोप आळसात जमा करणे अन्यायाचे आहे. ती उपचाराचाच भाग आहे.

सुखाच्या छोट्या गोष्टींकडेही तसेच पाहावे लागते. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटे हात बुडवून बोटे उघडमीट केली की आखडलेपणा सैल होतो. गरम पाण्याची पिशवी, फिजिओथेरपीच्या दवाखान्यातला मेणाचा शेक, थंडीत लोकरी हातमोजे यांनीही आराम मिळतो. मात्र सांधा लाल, गरम आणि टम्म सुजलेला असेल तेव्हा शेकण्यापेक्षा कापडात गुंडाळलेला बर्फ अनेकींना बरा वाटतो. विश्रांतीइतकीच हालचालही लागते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. शिकवलेले हातांचे व्यायाम रोज केल्याने हातांचे काम सुधारते, असे तीत दिसले. कानाशी रेडिओ, हातात जाड कानाचा चहाचा कप आणि व्यायाम संपेपर्यंत कोणाची हाक नाही, अशी पंधरा मिनिटे ज्या बाईला मिळतात, तिचा व्यायाम टिकतो. इतरांचा महिन्याभरात सुटतो.

औषधांत मुख्य आधार मेथोट्रेक्सेटचा. ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर रक्तपेशी घटून जिवावर बेतू शकते. म्हणून गोळीचा वार कॅलेंडरवर ठळक लिहून घरातल्या आणखी एकाला माहीत करून देणे इष्ट. सोबत फॉलिक ॲसिड दिले जाते, रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात आणि या काळात गर्भधारणा टाळावी लागते. या औषधाशी एका भारतीय शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. अमेरिकेतल्या लेडरली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिडला रोखणारी औषधे घडवली, त्यांतूनच मेथोट्रेक्सेट आले. ती आधी रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८८ साली. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि पुष्कळ जणी नेमक्या याच काळात धीर सोडतात. तोवर कमी मात्रेत स्टेरॉइड दिले जाते. त्याने चार दिवसांत हलके वाटते, पण ते लांबले की हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते. गावोगाव विकल्या जाणाऱ्या ‘वातावरच्या’ पुड्यांचा झटपट गुणही अनेकदा त्यांत न सांगता मिसळलेल्या स्टेरॉइडचाच असतो. नेहमीच्या गोळ्यांनी भागले नाही तर जैविक औषधे आहेत. ती महाग असतात आणि सुरू करण्यापूर्वी अंगात क्षयाचे जंतू दबून आहेत का, हे आपल्याकडे विशेष काळजीने तपासावे लागते.

खाण्यापिण्याच्या बंदीने मात्र उगाच हाल होतात. ताक नको, चिंच नको, वाटाणा-पावटा वातूळ म्हणून नको, असे करत ताट रिकामे होत जाते. आंबटाने आमवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. डाळी, कडधान्ये आणि दूधदुभते सुटल्याने स्नायू खंगतात आणि सांध्यांचा आधारच जातो. एखादा पदार्थ एखादीला खरोखर सोसत नसेल, तर तेवढाच टाळावा.

कपडे, दागिने आणि सणवार यांची बोच वेगळी असते. सुजलेल्या सांध्यांवरून बांगड्या चढत नाहीत, जोडवी काढावी लागतात, ब्लाऊजचे हूक लावायला कोणाची तरी मदत लागते. उघडमिटीच्या बांगड्या, पुढून बटणांचे ब्लाऊज आणि आधीच निऱ्या शिवलेली साडी यांनी बरेच साधते. गणपतीत उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडणे हे बोटांच्या चिमटीचे काम. वर्षानुवर्षे मोदकांसाठी नावाजलेल्या बाईला ते सोडताना वाईट वाटते, ते स्वाभाविक आहे. अशा वेळी तिला स्वयंपाकघरातून बाहेर काढण्यापेक्षा सारणाची चव आणि उकडीचा अंदाज तिच्याकडे ठेवून कळ्या धाकट्यांनी पाडाव्यात. अनेक घरी मुलगे आणि जावईही आता हे काम शिकले आहेत.

तालुक्याच्या गावात सांधेविकारतज्ज्ञ सहसा नसतात, त्यामुळे पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांची वारी ठरलेली. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्याने या खेपा थोड्या परवडू लागल्या, पण गाडीची उंच पायरी आहे तिथेच आहे. डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ‘दुखतंय’ एवढेच सांगून भागत नाही. सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागला, कोणते सांधे सुजले, कोणती गोळी चुकली, याची दोन ओळींची रोजची नोंद वहीत असेल तर औषधाची मात्रा ठरवायला ती फार उपयोगी पडते. पेन धरवत नसेल त्या दिवशी ती घरातल्या कोणीही लिहावी.