प्रेस म्हणजे काय?



या वेळच्या भित्तिपत्रकात मी एका इंग्रजी क्रियापदाची माहिती देत आहे. शब्द आहे 'प्रेस'. तुम्ही म्हणाल, यात काय नवल, हा तर आम्हाला ठाऊक आहे. मलाही तसेच वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी मी पाचवीत होतो. एका शुक्रवारी सकाळी नाल्याचे पाणी आमच्या शेतात शिरले व सोयाबीन बुडाले. विम्यासाठी नुकसानीची खबर तेव्हा ७२ तासांच्या आत द्यावी लागत असे. बाबांनी फोन लावला तर पलीकडून एक बाई इंग्रजीत बोलू लागली. बाबांनी फोन माझ्या कानाला लावला.

"तुले येते ना इंग्रजी? पाय बरं, काय म्हणते थे."

मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, प्रेस. कपडे प्रेस करून देतात हे मी पाहिले होते. मी म्हणालो, "बाबा, थे इस्त्रीचं काहीतरी सांगून राह्यली."

"मंग नंबर चुकला," असे म्हणून बाबांनी फोन ठेवून दिला.

सोमवारी मी शाळेत सरांना विचारले. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले: प्रेस म्हणजे दाबणे. ती बाई इंग्रजीसाठी १ दाबा, दुसऱ्या भाषेसाठी २ दाबा असे सांगत होती. पुढे मराठीचाही आकडा आला असता, पण आम्ही तिथवर थांबलोच नाही. मी घरी येऊन सांगितले तोवर सायंकाळ झाली होती, आणि ७२ तास उलटून गेले होते. विमा काही मिळाला नाही.

आता माझे उत्तर खोटे होते का? अगदी खोटेही नव्हते. इस्त्रीवाला गरम इस्त्री कपड्यावर दाबतो, म्हणून आपण प्रेस करणे म्हणतो. दाबणे हा मूळ अर्थ मागे राहिला आणि इस्त्री तेवढी पुढे आली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर हा शब्द कापसासोबत सारखा ऐकू येतो. जिनिंग-प्रेसिंग! जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते व रुई उरते. रुई फार फुगते, खोली भरून दिसते आणि वजन मात्र थोडे. म्हणून ती यंत्राने दाबतात. इतकी दाबतात की हात लावला तर टणक लागते. वरून पट्ट्या आवळतात, नाहीतर ती पुन्हा फुगेल. अशी एक गठाण साधारण १७० किलोची असते. १ क्विंटल कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते असे धरले, तर एका गठाणीला ५ क्विंटल कापूस लागतो. (गुणाकार करून पाहा.) इंग्रजांच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर अडीच फुटी रुळांवरून शकुंतला रेल्वे सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठीच. ती गाडी आता बंद आहे. रुई दाबलेली नसती तर डबे नुसत्या फुगीनेच भरले असते. मग मुंबईच्या बंदरापर्यंत माल न्यायला किती फेऱ्या लागल्या असत्या!

बाबा कित्येक वर्षांपासून कापूस घेऊन 'प्रेसवर' जातात. प्रेस हे त्यांना जागेचे नाव वाटत होते. तिथे दाबतात म्हणून ते नाव पडले, हे मी सांगितले तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

छापखान्यालाही प्रेस म्हणतात. शाई लावलेल्या अक्षरांवर कागद दाबला की छपाई होते. त्यावरून वर्तमानपत्रांनाच प्रेस म्हणू लागले. आपल्या जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळहून 'लोकमत' साप्ताहिक सुरू केले, तीही प्रेसच झाली. मतदानाच्या यंत्रावर चिन्हापुढचे निळे बटण आपण प्रेस करतो. कुकरचे प्रेशर याच घराण्यातले, प्रेशर म्हणजे दाब.

थोडे व्याकरण. मराठीत हे क्रियापद एकटे चालत नाही, त्याला 'करणे' जोडावे लागते. इंग्रजीत ते एकटेच चालते. भूतकाळी रूप लिहिताना शेवटी ई आणि डी लावतात, पण बोलताना 'प्रेस्ड' नाही, 'प्रेस्ट' म्हणायचे. 'डोन्ट प्रेस' म्हणजे दाबू नका. पाय दाबणे, पाय चेपणे, पेढ्यावर ठसा दाबणे, अशी कामे आपल्याकडे पुष्कळ आहेत. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी प्रेस चालून जाते.

मी बाबांच्या फोनच्या मागे कागद चिकटवला आहे: प्रेस = दाबा. वन, टू, थ्री असे नाइनपर्यंतचे आकडेही लिहिले. मागच्या महिन्यात बाबांनी स्वतः आकडा दाबला, मराठी आली, आणि सगळे ठीक चालले होते. तेवढ्यात ती बाई म्हणाली, हॅश दाबा.

बाबांनी मला हाक मारली, "अबे, हॅश कोणतं?"

आजी शेजारी तांदूळ निवडत होती. ती बटणांकडे पाहून म्हणाली, "थे जाळीवानी दिसते, थे असन."

तेच होते.