हात बसेपर्यंत

पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हा सारा टापू महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात मोडत असला, तरी येथील रहिवाशाची शस्त्रपरवान्याची दरखास्त अलिबागेच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे न जाता नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या दप्तरी दाखल होते. आणि ठाण्यातील चौकशी, जिवाला खरोखर धोका आहे काय याची शहानिशा, वैद्यकीय दाखला, २०१६ च्या शस्त्र नियमांनी आवश्यक ठरविलेले सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण अशा एकेका उंबरठ्यावर थांबत थांबत परवाना जेव्हा हाती पडतो, तेव्हा आपले काम झाले अशीच अर्जदाराची समजूत होते. दुकानातून आणलेले पिस्तूल तिजोरीत जाते, आणि पुन्हा बाहेर निघते ते निवडणुकीच्या दिवसांत ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला म्हणजे, किंवा परवान्याच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली म्हणजे. ज्या शस्त्रावर प्रसंगी आपला आणि दुसऱ्याचा प्राण अवलंबून राहणार, त्याच्याशी मालकाची इतकीही ओळख नसावी, ही गोष्ट मला अतिशय चिंतेची वाटते.

९ मि.मी. व्यासाचे पिस्तूल निषिद्ध वर्गात मोडत असल्याने सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा ०.३२ बोअरचेच पिस्तूल येते. सरकारी आयुधनिर्माणींचे ‘अशनी’ हे त्यांतले परिचित नाव. या जातीच्या लहान पिस्तुलांची रचना बहुतेक साधी असते. गोळी सुटण्याच्या क्षणी नळी आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, यांना जखडून ठेवणारी कडी त्यांत नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्याच बळावर स्फोटाचा दाब क्षणभर थोपविला जातो. म्हणूनच ही स्प्रिंग ताठ असते, आणि नवी स्लाइड मागे खेचताना बोटे भरून येतात. कारखान्याने साठवणीसाठी लावलेला चिकट लेप प्रथम पुसून काढावा, नळी कोरडी करावी, स्लाइड ज्या खाचांतून सरकते तेथे तेलाचा पातळ थर द्यावा, आणि मगच पिस्तूल रेंजवर न्यावे. आरंभीच्या काही राउंडांत धातूचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात, मॅगझीनच्या स्प्रिंगा बसतात, आणि क्वचित एखादे काडतूस अडते तेही याच काळात.

अडणाऱ्या काडतुसाचा दोष नेहमी पिस्तुलाचाच असतो असे नाही. ०.३२ चे हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योजले. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा केसभर बाहेर आलेली असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अशी रुततात की स्लाइडने कितीही रेटले तरी वरचे पुढे सरकत नाही. यासाठी प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्याच्या पुढे बसली आहे हे पाहावे. ही बारीकशी सवय सुरुवातीलाच लागावी.

शस्त्र सरावते; हात सरावणे कठीण. लहान पिस्तूल चालवावयास सोपे असते ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच यांतील अंतर अशा पिस्तुलात सुमारे १२० मि.मी. धरले, आणि माशी खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी आठ सेंटिमीटरांहून अधिक भरकटते. हेच अंतर ३५० मि.मी. असलेल्या स्पर्धेच्या लांब पिस्तुलात तीच चूक तीन सेंटिमीटरांच्या आत राहते. त्यात मूठ आखूड असल्याने करंगळीला आधार नाही, वजन हलके म्हणून धक्का अधिक, आणि चाप जड. चाप ओढताना सगळी मूठच आवळली जाते, नळीचे तोंड खाली झुकते, आणि गोळी लक्ष्याच्या खाली लागते. नवशिक्याच्या कागदावरील छिद्रे बहुधा हीच कथा सांगतात.

यावर उपाय गोळ्यांचा नव्हे, कारण परवान्यावरच काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि ती महागही पडतात. उपाय आहे तो रित्या पिस्तुलाच्या सरावाचा, ज्याला नेमबाज ‘ड्राय’ म्हणतात. आणि या सरावाची शिस्त पाहावयास पनवेलकराला दूर जावयास नको. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल प्रकारात ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी साधली, त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली, आणि पुढे पनवेलच्या कर्नाळा क्रीडा अकादमीत आपल्या लक्ष्य शूटिंग क्लबचे बस्तान बसविले. अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस येथील पॅरालिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली, ती त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. खेळाचे शस्त्र निराळे आणि स्वसंरक्षणाचे निराळे, हे मान्य. परंतु पवित्रा, श्वास, नजर आणि चाप यांचे व्याकरण दोन्हीकडे एकच आहे. एक छर्रा उडविण्यापूर्वी शस्त्र अनेकदा उचलून, रोखून, पुन्हा खाली घेण्याचा संयम तेथील ज्या मुलामुलींच्या अंगी बाणला जातो, त्यांच्यापासून तिजोरीवाल्या परवानाधारकाने पुष्कळ शिकावे.

घरी ड्राय करावयाचे तर काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत, मॅगझीन काढावे, स्लाइड मागे ओढून नळीतले काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे, आणि तरीही नळी अशा भक्कम भिंतीकडेच रोखावी जिच्यापलीकडे माणसाचा वावर नाही. रिकामा चाप ओढणे आपल्या पिस्तुलाला मानवते की नाही, हे कारखान्याच्या पुस्तिकेत पाहावे. न मानवणाऱ्यास डमी काडतूस वापरावे. मग सोबत्याकडून माशीमागे स्लाइडवर एक नाणे ठेववावे, आणि ते न पडता चाप सुटेपर्यंत बोटाचा दाब हळूहळू वाढवावा. नाणे पडले की मूठ आवळली गेली असे समजावे. थकवा जाणवताच थांबावे. थकल्या हाताने केलेला सराव चुकाच घट्ट करतो.

प्रत्यक्ष गोळी मात्र अधिकृत रेंजवरच सुटली पाहिजे. माथेरानच्या पायथ्याकडील फार्महाऊसच्या आवारात किंवा लग्नाच्या वरातीत ‘सराव’ करणाऱ्यांचे धाडस मला निंद्य वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवास धोका होईल असा बेदरकार वा आनंदोत्सवातील गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बाहेर नेतानाही पिस्तूल म्यानात, झाकलेले आणि ताब्यात असावे. म्यान चापाला पूर्ण आच्छादणारे हवे, आणि ते काढण्याघालण्याचा सराव प्रथम रित्या पिस्तुलानेच व्हावा.

रेंजवर एक छोटी वही ठेवावी. दोन मॅगझीन असतील तर त्यांच्या बुडावर एक आणि दोन असे आकडे घालावेत, आणि कोणत्या मॅगझीनमधून, कोणत्या बनावटीचे, कितवे काडतूस अडले हे त्याच क्षणी नोंदवावे. अडथळे एकाच आकड्यापुढे साचू लागले तर दोष मॅगझीनचा. दोन्हींपुढे येत राहिले आणि सफाई, तेल, काडतुसे बदलूनही थांबले नाहीत, तर पिस्तूल वहीसकट परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावे, आणि दोषाचा उलगडा होईपर्यंत ते अंगावर बाळगू नये.