पाण्याचा हिशोब आधी नगरपालिकेने ठेवावा

नळाला पाणी येण्याची वेळ झाली की मोहल्ल्यात घरोघरी एकच गडबड असते. कालचे उरलेले पाणी मोरीत ओतायचे आणि हंडे, पिंपे पुन्हा भरायची. कालचे पाणी खराब झालेले नसते, पण उद्याचा भरवसा नसतो. वजू करताना पाणी उधळू नये, हे आपण मुलांना शिकवतो. मग आपल्याच घरात ही उधळपट्टी का होते? आम्हाला वाटते, दोष केवळ घराचा नाही, पाणी सोडण्याच्या पद्धतीचाही आहे.

सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने ही पद्धतच बदलली. तेथे नळाला चोवीस तास पाणी आहे आणि प्रत्येक जोडणीला मीटर आहे. चोवीस तास पाणी म्हणजे नासाडी, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तोटी उघडली की पाणी येते, म्हणून साठवण्याची गरज उरत नाही आणि शिळे पाणी फेकले जात नाही. वापर वाढेल तसा दरही चढतो, त्यामुळे गळकी तोटी लगेच दुरुस्त होते. शिवाय जलवाहिनी सतत भरलेली असली की गळक्या जोडातून गटाराचे पाणी आत शिरत नाही. लहान मुलांच्या घरात या गोष्टीचे मोल मोठे आहे.

नागपूर महानगरपालिकेने दुसरा मार्ग धरला. भांडेवाडीच्या केंद्रात शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. या प्रकल्पाची क्षमता रोज 13 कोटी लिटरची. तेवढे धरणाचे पाणी माणसांसाठी वाचते.

लहान गावालाही हे जमते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे दुष्काळी पट्ट्यातले गाव. तेथे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे व जनावरे, मग शेती. ऊस आणि केळीला बंदी, बोअरच्या पाण्यावर शेती करायलाही बंदी. या गावात मुस्लिम कुटुंब एकच, पण त्याच्यासाठीही गावाने मशीद बांधली. सर्वांना बरोबर घेणाऱ्या गावातच असे कठोर नियम टिकतात.

तेव्हा निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना आपण विचारू या. शहरात रोज किती पाणी येते? वाटेत किती गळते? बागांना आणि रस्ते धुवायला पिण्याचेच पाणी वापरता का? हा प्रश्न घरातल्या भगिनींनी आधी विचारावा, कारण पहाटे उठून हंडे त्याच भरतात.

आणि हाच प्रश्न आपल्या मशिदीच्या कमिटीलाही विचारावा. वजूचे पाणी गटारात जाते की झाडांना? हिशोब मागणाऱ्याने आपला हिशोबही तयार ठेवावा.